फरसबीतलं औषध

माझ्या भाचीला रक्ताचा कॅन्सर झालाय हे कळलं तेव्हा मी फरसबी सोलत होतो.

फरसबी कोणी सोलत नाही हे मलाही माहीत आहे. ती मोडतात, शिरा काढतात, चिरतात. पण मला शेंग नकोच होती. मला हव्या होत्या आतल्या कोवळ्या बिया, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठ्या, नखाने दाबलं तर पाणी सुटेल अशा. ठाण्यातल्या एका कॉलेजात मी अकरावी-बारावीच्या मुलांना बायोलॉजी शिकवायचो आणि उरलेल्या वेळात तिथल्याच लॅबमध्ये पीएचडी करायचो. विषय होता, वाढत्या बीला नायट्रोजन कुठून मिळतो. इथे बहुतेक लोक जांभई देतात, म्हणून लवकर आटपतो. झाड आपल्या बियांना अस्परॅजिन नावाचा एक पदार्थ पाठवतं. कोवळ्या बीमध्ये एक प्रथिन असतं, ते या अस्परॅजिनचे तुकडे करतं आणि त्यातला नायट्रोजन बी वापरते. ते प्रथिन बीमधून वेगळं काढायचं, एवढंच माझं काम.

एवढंच म्हणायला सोपं. चिमूटभर प्रथिनासाठी आठवड्याला पाच-सहा किलो शेंगा लागायच्या. डोंबिवलीत आमच्या मानपाड्याच्या नाक्यावरच्या भाजीवालीने पहिले दोन महिने काही विचारलं नाही. मग एक दिवस तिला राहवेना.

"घरात माणसं किती रे तुम्ही?"

"दोन. मी आणि बाबा."

"मग एवढी फरसबी कोन खातंय?"

"खात नाही मावशी. बिया काढतो आणि मिक्सरमध्ये वाटतो."

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, पिशवी भरली आणि वर चार हिरव्या मिरच्या टाकल्या. बहुतेक दया आली असावी.

बाबांचं दुःख वेगळं होतं. ते एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं लॅबमध्ये होते. कपड्यांना लागणारे रंग तिथे बनायचे आणि प्रत्येक घाण्याचा रंग बरोबर उतरलाय की नाही हे बाबा बघायचे. तीस वर्षं काही वाया जाऊ न देण्याची सवय लागलेल्या माणसासमोर मी बिया काढून पाच किलो शेंगांची टरफलं टाकून द्यायचो. ते त्यांना बघवेना. आई गेल्यापासून आमचं जेवण मागच्या गल्लीतल्या खानावळीच्या डब्यावर चालायचं, पण भाजी तेवढी बाबा घरी करायला लागले. बिया नसलेल्या फरसबीची भाजी. वर्षभर आम्ही तीच खाल्ली. तिची चव कशी लागते हे सांगत नाही, कारण बाबा हे वाचणार आहेत.

तर त्या रविवारी दुपारी आम्ही दोघं जमिनीवर पेपर पसरून बसलेलो आणि ताईचा फोन आला. ताई ठाण्यात कोलशेतला राहते. तिची मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. दोन-तीन आठवडे तिचा ताप येत-जात होता आणि नडग्यांवर काळेनिळे डाग उठलेले. स्केटिंग शिकत होती, त्यामुळे डागांचं कोणाला विशेष वाटलं नाही. शेवटी रक्त तपासलं. ताई फोनवर रडत नव्हती. त्यामुळेच मी घाबरलो. तिने डॉक्टरांनी सांगितलेलं आजाराचं लांबलचक नाव मला अक्षर अक्षर करून सांगितलं, आणि मग म्हणाली, "हे मुलांमध्ये होतं म्हणे. आणि बरं होतं म्हणे. बहुतेकांचं. तू वाचलंयस का रे याच्याबद्दल?"

मी "हो" म्हणालो. खरं तर मी याच्याबद्दल फक्त एकच वाक्य लिहिलेलं.

पीएचडीच्या प्रस्तावात पहिल्या पानावर संशोधनाचा समाजाला उपयोग काय ते लिहावं लागतं. फरसबीच्या बीला नायट्रोजन मिळाल्याने समाजाला काय मिळणार हे मला सुचेना. तेव्हा एका सीनियरने त्याच्या प्रस्तावातलं वाक्य दिलं: सदर प्रथिनाचा उपयोग बालकांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारात होऊ शकतो. मी ते तसंच चिकटवलं आणि विसरून गेलो. मॅडमनी, म्हणजे माझ्या गाईडनी, त्याच्या बाजूला पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलेलं. मी ते खोडरबराने पुसून प्रस्ताव जमा केला होता.

फोन ठेवल्यावर बाबांनी एवढंच विचारलं, "नाव काय म्हणाले?" मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि समोरची शेंग सोलायला घेतली. ती मघाशीच सोलून झालेली होती.

*

उपचार मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलात सुरू झाले. ताईने बिनपगारी रजा काढली, भावोजी ऑफिस सांभाळून धावपळ करायचे. भाची घरी असेल त्या दिवसांत तिच्याजवळ बसायचं काम बाबांकडे आलं. ते त्यांनी कारखान्याच्या शिफ्टसारखं धरलं. सकाळी आठला निघायचे, दहाला कोलशेतला हजर. ताईकडे पोचले की आधी आंघोळ, धुतलेले कपडे, तोंडाला मास्क, मगच खोलीत पाऊल. तिची प्रतिकारशक्ती औषधांनी पार खाली गेलेली. बाबांचा जायचा रस्ताही त्यांचाच. डोंबिवलीहून रिक्षाने कल्याण, तिथून एसटीने ठाण्याच्या खोपट डेपोत, तिथून परत रिक्षा. हा उलटा फेरा आहे हे मी नकाशा काढून दाखवलं. "एसटीत बसायला मिळतं," ते म्हणाले, आणि विषय संपला.

भाचीला शांत पडून राहायचा कंटाळा होता. केस गेले तेव्हा तिने दोन दिवस टोपी घातली, तिसऱ्या दिवशी ती बाबांच्या डोक्यावर ठेवली आणि दोन टकलांचा सेल्फी काढला. औषधांची यादी तिने पाठ केलेली. एका शनिवारी मी गेलो तेव्हा ती यादी घेऊनच बसलेली होती.

"मामा, तू सायन्सचा ना? मग हे सांग. हे काय करतं?"

तिने बोट ठेवलेल्या इंजेक्शनचं नाव मी दोनदा वाचलं. ते माझंच प्रथिन होतं. म्हणजे फरसबीतलं नव्हे, पण तेच काम करणारं, अस्परॅजिनचे तुकडे करणारं. चिकटवलेलं वाक्य खरंच होतं. फक्त ते खरं आहे का हे बघायचे कष्ट मी कधी घेतलेच नव्हते.

"हे बघ," मी म्हणालो, "आपल्या चांगल्या पेशींना अस्परॅजिन लागतं. त्या ते घरच्या घरी बनवतात. तुझ्या रक्तातल्या वाईट पेशींना मात्र ते धड बनवता येत नाही. त्या रक्तात तयार मिळतं तेच खातात. म्हणजे खानावळीवर जगतात. हे इंजेक्शन काय करतं, तर खानावळच बंद करून टाकतं."

"मग वाईट पेशी उपाशी मरतात?"

"हो."

"आणि ज्यांना स्वयंपाक येतो त्या वाचतात?"

"बरोबर."

तिने जरा विचार केला. "म्हणजे मामा, तू आणि आजोबा वाईट पेशी आहात."

बाबा मास्कच्या आतून हसले. भाचीच्या शेजारी तांदळाची पेज घेऊन बसलेली ताई बऱ्याच दिवसांनी हसली. "तरी मी याला सांगते, लग्न कर," ती म्हणाली. मी घाईने विषय बदलला आणि खड्ड्यात पडलो, कारण भाचीचा पुढचा प्रश्न होता, "पण हे बनतं कशापासून?"

"एका जिवाणूपासून."

"तो कुठे असतो?"

"तो... तसा आपल्या सगळ्यांच्या आतड्यात असतो."

"म्हणजे शीमध्ये?"

मी ताईकडे पाहिलं. ताईने खिडकीकडे पाहिलं.

"औषधातला जिवाणू मुद्दाम वाढवलेला असतो गं. एकदम स्वच्छ."

"पण त्याचे नातेवाईक शीमध्ये राहतात."

त्यानंतर तिच्या घरात त्या औषधाला 'शीचं इंजेक्शन' असंच नाव पडलं. हॉस्पिटलात तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा त्या दारापर्यंत गेल्या, परत आल्या आणि म्हणाल्या, "तसं बघितलं तर चुकीचं नाही."

मी तिला माझ्या कामाबद्दलही सांगितलं. असंच एक प्रथिन फरसबीत असतं, मी ते काढतो. तिला ते फार आवडलं. फरसबी तिला कधीच आवडत नव्हती, पण जिवाणूच्या नातेवाइकांपेक्षा फरसबीचे नातेवाईक बरे होते.

*

त्या इंजेक्शनचे पहिले काही डोस नीट गेले. मग मध्ये थोडे आठवडे गेले आणि पुढच्या डोसला तिच्या अंगाने बंड केलं. सुई टोचून पाच-दहा मिनिटं झाली नसतील, अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास घरघरायला लागला. नर्स धावल्या, औषधं दिली, अर्ध्या तासात आटोक्यात आलं. मी तिथे नव्हतो. ताईने नंतर सांगताना तो अर्धा तास चार वाक्यांत संपवला.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं की असं काही मुलांना होतं. शरीर त्या जिवाणूच्या प्रथिनाला परकं म्हणून ओळखतं आणि त्याच्यावर तुटून पडतं. आता तेच काम करणारं, पण दुसऱ्या जिवाणूपासून बनवलेलं औषध द्यायचं. ते इथे हाताशी नव्हतं, मागवायला लागणार होतं. काही दिवस लागतील, तोपर्यंत बाकीचे उपचार चालू राहतील, काळजी नको.

काळजी नको म्हटल्यावर आमच्या घरात कोणालाच झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा चहा घेताना म्हणाले, "एक विचारू? तुझं प्रथिनही तेच काम करतं ना?"

"हो. पण—"

"आणि ते जिवाणूचं नाही. भाजीचं आहे. भाजी तर ती लहानपणापासून खातेय."

"बाबा, खाणं वेगळं आणि रक्तात देणं वेगळं. माझ्याकडे आहे ते शुद्ध नाही. बर्फात ठेवलेलं हिरवट पाणी आहे ते. आणि पोटात गेलं तर पोट त्याचंही वरण-भातासारखं पचन करून टाकतं. औषध म्हणून काही उरतच नाही."

"बघितलंयस करून?"

"काय?"

"पोटात काही उरत नाही, हे."

"त्यात बघायचं काय? सगळ्यांना माहीत आहे."

हे वाक्य मी बोलायला नको होतं. आमच्या बाबांना आयुष्यात ज्या एका वाक्याचा राग येतो ते हेच. विहारात दर रविवारी वंदनेनंतर ते लहान मुलांना हेच सांगत आलेत, की कोणी सांगितलं म्हणून मानू नका, सगळे मानतात म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. मीही त्याच मुलांत बसून ते ऐकलेलं. त्यांनी कप उचलून बेसिनमध्ये ठेवला. मला वाटलं, पटलं.

नंतर कळलं ते असं. फरसबीची शेंग पूर्ण पिकू दिली की तिच्यातली बी म्हणजे राजमा, हे मीच त्यांना कधीतरी सांगितलेलं. त्यांनी हिशोब मांडला की कोवळ्या बीत थोडं असेल, तर पिकलेल्या बीत भरपूर असणार. शिजवलं तर प्रथिन खराब होतं, हेही माझ्याच तोंडून ऐकलेलं. म्हणून त्यांनी मूठभर राजमा रात्रभर भिजवला, सकाळी मी लॅबला गेल्यावर कच्चाच मिक्सरमध्ये वाटला, गाळला, आणि पेलाभर पाणी उभ्याने पिऊन टाकलं. त्यांचा बेत असा होता की आठवडाभर आधी आपण घ्यायचं. काही झालं नाही तर ताईला सांगायचं, डॉक्टरांना विचारायचं, मगच पोरीला चमचाभर. डायरीत त्यांनी कारखान्याच्या पद्धतीने नोंद केली: वेळ, मात्रा, रंग फिका गुलाबी, वास मातकट. पुढे 'परिणाम' असं लिहून जागा मोकळी सोडली, आणि रोजच्यासारखे कल्याणला जाऊन एसटीत बसले.

कच्च्या राजम्यात आणखी एक प्रथिन असतं, पोटाला विषारी. ते नीट उकळल्याशिवाय मरत नाही, आणि ते कोणत्याही कॅन्सरची वाट बघत थांबत नाही.

मला फोन आला तेव्हा मी सेंट्रिफ्यूजसमोर उभा होतो. बाबांचा आवाज एखाद्या खोल टाकीतून आल्यासारखा येत होता.

"खोपटला आहे. डेपोत. तू ये."

"काय झालं?"

"काही नाही. परिणाम."

कॉलेज ते खोपट रिक्षाने दहा मिनिटं. बाबा डेपोतल्या बाकावर, मांडीवर डायरी आणि हातात कोणीतरी दिलेली पाण्याची बाटली घेऊन बसलेले. चेहरा राखेसारखा. एसटी ठाण्यात शिरतानाच त्यांना मळमळायला लागलं, उतरेपर्यंत कसंबसं आवरलं, आणि मग डेपोच्या स्वच्छतागृहात चार फेऱ्या झालेल्या. शेजारी बसलेल्या कंडक्टरबाई मला बघून उठल्या.

"तुमचे वडील का? विषबाधा आहे ही. मी विचारलं, काय खाल्लंत, तर म्हणतात राजमा. मी म्हटलं, कुठल्या हॉटेलात? तर म्हणतात, हॉटेल नाही, प्रयोग."

बाबांना रिक्षात घालून मी जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथे सलाइन लागली. डॉक्टर तरुण होता. त्याने "कच्चा? मुद्दाम?" असं दोनदा विचारलं. संध्याकाळपर्यंत उलट्या थांबल्या. बाबा डोळे मिटून पडलेले. मला फार राग आलेला आणि तो कोणावर काढायचा ते कळत नव्हतं. समोरच्या माणसाचं वय बहात्तर होतं, आणि त्याने जे केलं ते लॅबमधल्या भल्याभल्यांना जमलं नसतं. चूक होतं, पण आधी स्वतःवर केलेलं होतं.

"तिला दिलं नाहीत ना?" मी शेवटी विचारलं.

त्यांनी डोळे उघडले. "वेडा आहेस का?"

आता पुढचे काही दिवस बाबांना कोलशेतला जाता येणार नव्हतं. उलट्या राजम्यामुळेच झाल्या की आणखी कशाने, याची खात्री होईपर्यंत भाचीजवळ जायचं नाही, असं ताईने ठणकावून सांगितलं. ती शिक्षा त्यांना सलाइनपेक्षा जास्त लागली. त्याच संध्याकाळी भाचीने व्हिडिओ कॉल केला. तिला ताईने सगळं सांगितलेलं.

"आजोबा, कॅमेऱ्याकडे बघा. खाली नाही, इकडे. तुम्ही कच्चा राजमा प्यायलात?"

"हो."

"कोणाला विचारून?"

"कोणाला नाही."

"मी एक गोळीसुद्धा आईला विचारल्याशिवाय घेत नाही. आणि तुम्ही मिक्सर लावता?"

"चुकलं."

"माझं औषध डॉक्टर शोधतायत ना? मामा शोधतोय ना? तुमचं काम काय होतं?"

बाबांना आठवेना.

"माझ्याबरोबर पत्ते खेळायचं!" ती ओरडली, आणि मग तिचा चेहरा एकदम वाकडा झाला. "उद्या कोण येणार आता?"

दुसऱ्या दिवसापासून बाबा ठरल्या वेळी, दहाच्या ठोक्याला, फोन समोर ठेवून बसायला लागले. दोन्हीकडे पत्त्यांचा एकेक कॅट, आणि प्रत्येक डावात भाची लबाडी करायची. बाबांना ते दिसायचं. त्या आठवड्यात ते एकही डाव जिंकले नाहीत.

दुसरं औषध आलं ते नवव्या दिवशी. ते देताना आम्ही सगळे हॉस्पिटलच्या त्या मजल्यावर होतो, आत फक्त ताई. पहिला तास मी भिंतीवरची एकच सूचना पुन्हा पुन्हा वाचत होतो. काय होती ते आता आठवत नाही. दीड तासाने ताई बाहेर आली. "झोपलीय," ती म्हणाली. "घोरतेय." गांधी नाहीत, घरघर नाही. भावोजींनी भिंतीला टेकून डोळे पुसले. बाबांनी डायरी काढली, काहीतरी लिहिलं आणि ती परत खिशात ठेवली.

*

एव्हाना मानपाड्यात बातमी वेगळीच पसरलेली. बाबा आजारी पडले हे कोणाला कळलं नव्हतं. कळलं होतं ते एवढंच, की यांचा मुलगा फरसबीपासून कॅन्सरचं औषध बनवतो आणि नात त्यावर बरी होतेय. विहारात मला लोक थांबवायला लागले. एका काकूंनी विचारलं, रस दिवसातून किती वेळा? दुसऱ्या एकांनी त्यांच्या मधुमेहावर चालेल का विचारलं. नाक्यावरच्या भाजीवालीने फरसबीचा ढीग समोर मांडला आणि मला बघून म्हणाली, "आता समजला. मंग आदीच सांगायचास ना, मी कोवली कोवली निवडून ठेवली असती." मी खुलासा करायला गेलो की लोक म्हणायचे, "नम्र आहे मुलगा."

रविवारी वंदना झाल्यावर बाबा उठून उभे राहिले. ते नेहमी मुलांशी बोलायचे, त्या दिवशी मोठ्यांनाही थांबवलं.

"मला तुम्हाला एक प्रयोग सांगायचाय," ते म्हणाले. आणि त्यांनी डायरी उघडून वाचून दाखवली. वेळ, मात्रा, रंग, वास. मग मोकळ्या सोडलेल्या जागेत नंतर भरलेला मजकूर: 'खोपट डेपो. चार वेळा.' पुढच्या रांगेतली मुलं आधी हसली, मग मोठी माणसं. बाबा थांबले आणि हसू ओसरू दिलं.

"मी तुम्हाला वर्षानुवर्षं सांगत आलो, पारखून घ्या. पण पारखायचं म्हणजे काय, ते मलाच नीट कळलेलं नव्हतं. एका माणसाने एक पेला पिणं म्हणजे पारखणं नव्हे. माझी नात डॉक्टरांच्या औषधाने बरी होतेय. माझा मुलगा फरसबीवर काम करतोय, ते अजून औषध नाही. कधी होईल का, त्यालाही माहीत नाही. राजमा शिजवून खा. चांगला लागतो."

मी मागे उभा होतो. मला एकदम तो प्रस्ताव आठवला, आणि मॅडमनी पेन्सिलीने काढलेलं प्रश्नचिन्ह. बाबांनी सगळ्यांसमोर उभं राहून आपली चूक वाचून दाखवली. मी खोडरबर वापरलेलं. दुसऱ्या दिवशी मॅडमकडे गेलो आणि म्हणालो, मला ते पहिल्या पानावरचं वाक्य खरं आहे का ते बघायचंय. प्रबंधात एक प्रकरण वाढेल. मॅडम म्हणाल्या, "दोन वर्षं वाढतील," आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. "बघ बाबा."

चाचणी तशी साधी होती. अस्परॅजिनच्या पाण्यात आपलं प्रथिन घालायचं. तुकडे झाले की अमोनिया सुटतो. मग एक रसायन टाकलं की जितका अमोनिया जास्त तितकं पाणी पिवळं. मी ओळीने नळ्या लावायचो आणि फोटो घरी दाखवायचो. बाबा वैतागायचे. "फोटोत रंग खोटा येतो. नळी दाखव." शेवटी मॅडमच म्हणाल्या, आण त्यांना.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. वर लॅबमधला पांढरा कोट चढवला, तो त्यांना तोकडा झाला. नळ्यांना हात न लावता, मान तिरकी करून त्यांनी खिडकीच्या उजेडात त्या पाहिल्या. दोनदा डावीकडून उजवीकडे, एकदा उलट.

"चौथी-पाचवीची अदलाबदल झालीय."

"नाही बाबा, मी स्वतः नंबर टाकलेत."

"तू टाकले असशील. चौथी पाचवीपेक्षा गडद आहे. तू म्हणालास पाचवीत प्रथिन जास्त."

मशीनवर मोजलं. चौथी गडद होती. वही काढली. मी नंबर टाकताना फोन वाजलेला, ताईचा, भाचीच्या रक्ताचा रिपोर्ट चांगला आलाय हे सांगायला, आणि त्या आनंदात मी नळ्या उलट लावलेल्या. मॅडमनी बाबांसाठी खुर्ची मागवली. त्यानंतर महिन्यातून एकदा ते यायला लागले, आणि लॅबमधल्या मुली त्यांना काही दाखवण्याआधी स्वतः दोनदा तपासायला लागल्या.

*

दोन नाही, अडीच वर्षं लागली. तेवढ्या काळात भाचीचे उपचार संपले. केस परत आले, आधी सरळ होते ते कुरळे आले, आणि ती त्याचं श्रेय स्वतःकडे घेते. आता काही महिन्यांनी तपासणीला जावं लागतं. तपासणीच्या आदल्या दिवशी ताई अजूनही कोणाशी धड बोलत नाही.

माझं उत्तरही मिळालं, आणि ते मला हवं होतं तसं नव्हतं. फरसबीतलं प्रथिन अस्परॅजिनचे तुकडे करतं, हे खरं. पण त्यासाठी त्याला समोर भरपूर अस्परॅजिन लागतं. बीमध्ये ते असतंच. माणसाच्या रक्तात मात्र ते इतकं थोडं असतं की आमचं प्रथिन जवळजवळ ढिम्म बसून राहतं. त्याची घडण बदलून ते चपळ करता येईल का, हा पुढचा प्रश्न. तो सोडवायला माझ्यापेक्षा हुशार माणसं लागतील आणि जगात ती कामाला लागलेलीही आहेत. मी प्रबंधाच्या पहिल्या पानावरचं वाक्य बदललं. 'होऊ शकतो' च्या जागी 'सध्याच्या स्वरूपात होऊ शकत नाही' असं लिहिलं. मॅडमनी ते वाचून पेन्सिल परत टेबलावर ठेवली.

पीएचडीची शेवटची परीक्षा सगळ्यांसमोर होते, कोणीही येऊन बसू शकतं. ताई, भावोजी, बाबा आणि भाची दुसऱ्या रांगेत. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तासभर मला घाम फोडला, आणि मग रीतीप्रमाणे विचारलं, "सभागृहातून कोणाचे प्रश्न?" सहसा कोणी विचारत नाही. भाचीने हात वर केला. अकरा वर्षांची, कुरळे केस, पाठीला सॅक.

"मामा, मला अ‍ॅलर्जी झालेली, तेव्हा आजोबांनी म्हटलं तसं तू हे मला दिलं असतंस, तर चाललं असतं का?"

परीक्षकांना काही माहीत नव्हतं, पण ते पेन खाली ठेवून ऐकायला लागले.

"नाही," मी म्हणालो. "चाललं नसतं. वाईट पेशींना काही झालं नसतं, आणि तुला कदाचित झालं असतं."

"हे तुला तेव्हा माहीत होतं?"

"नाही. तेव्हा फक्त भीती वाटत होती. माहीत आता झालं."

तिने मान डोलावली, जसं काही ती हे लिहून घेणार होती. "ठीक आहे. थँक्यू." आणि बसली. थोरले परीक्षक माझ्याकडे वळून म्हणाले, "आमच्यापैकी कोणाचाही प्रश्न इतका चांगला नव्हता."

निकाल सांगायला त्यांनी आम्हाला बाहेर थांबवलं. बाबा भिंतीला टेकून उभे होते, मी त्यांच्या शेजारी. भाची मात्र ताईच्या हातातलं घड्याळ सारखं वळवून बघत होती. डॉक्टरांनी त्याच महिन्यात तिला पोहायला जायची परवानगी दिलेली, पाचला तिचा क्लास होता आणि चार वाजून पाच मिनिटं झालेली.

"मामा, हे लोक आत काय करतायत एवढा वेळ?"

"मी पास झालो का ते ठरवतायत."

"मग तू थांब," ती म्हणाली, सॅकचा पट्टा घट्ट करत. "आम्ही निघू का?"